शिवराई होन : दुर्मिळता आणि स्थिति

श्रीशिवछत्रपतींच्या नांवाचा सोन्याचा होन हा महाराष्ट्रांतील नाण्यांच्या संग्राहकांस परम आदराचा विषय आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें तीन ओळींत, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं दोन ओळींत, कडेनें ठिपक्यांचें वर्तुळ, आकार बोटाच्या नखाएवढा आणि वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, एवढेंच त्याचें बाह्य रूप. त्यावर वर्ष नाहीं, टांकसाळीचें नांव नाहीं, फारसी अक्षर नाहीं, देवतेची मूर्तिही नाहीं. असें हें साधें नाणें लिलावाच्या सूचिपत्रांत किंवा प्रदर्शनाच्या पाटीवर आलें म्हणजे त्याच्यामागें दोन विशेषणें ठरल्याप्रमाणें येतात. एक ‘अतिदुर्मिळ’ आणि दुसरें ‘उत्तम स्थितींतील’. ह्या दोन विशेषणांचें परीक्षण करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पहिलें विशेषण खरें असूनही अपुरें आहे. दुसरें पुष्कळदां दिशाभूल करणारें आहे. आणि दुसऱ्याचा अर्थ नीट ठरविल्यावांचून पहिल्याचा निर्णय होणें शक्य नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढें देतों.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘होन’ हा शब्द ‘होन्नु’ म्हणजे सोनें ह्या कानडी शब्दापासून आला. विजयनगरच्या राजांनीं पाडलेलें वराह नांवाचें नाणें दक्षिणेंत सर्वत्र चाललें. त्यासच आपल्याकडे होन आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदांत पगोडा म्हणत. त्याचें पूर्ण वजन सुमारें ३.४ ग्रॅम असे. शिवराई होन हा ह्याच कुळांतला, पण वजनानें हलका. संस्कृतांत नाण्यास ‘रूप्य’ असा शब्द आहे आणि पाणिनीनें तो ‘रूप’ शब्दापासून दोन अर्थीं साधला आहे. एक अर्थ ‘आहत’, म्हणजे ज्यावर ठोकून रूप उठविलें आहे असें. दुसरा अर्थ प्रशंसेचा, म्हणजे ज्याचें रूप वाखाणण्याजोगें आहे असें. हे दोन अर्थ निरनिराळे आहेत, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. नाण्यावर कोणत्या ठशाचा आघात झाला हा एक प्रश्न; तें पाहण्यास सुंदर आहे कीं नाहीं हा दुसरा. आजचा बाजार दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतो आणि पहिल्याचेंही उत्तर दिल्याचें समाधान मानतो. कौटिल्यानें टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष नेमला आणि नाण्यांची परीक्षा करण्यास रूपदर्शक नांवाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला. नाणें पाडणारा आणि नाणें पारखणारा हे दोघे वेगळे असावे, ही जाण इतकी जुनी आहे. आज नाणें विकणारा आणि त्याची स्थिति ठरविणारा हे दोघे पुष्कळदां एकच असतात.

आतां दुर्मिळतेकडे वळूं. एखादी वस्तु थोडी सांपडते ह्याचीं कारणें दोन असूं शकतात. ती मुळांतच थोडी निपजली असेल, किंवा पुष्कळ निपजून पुढें नाश पावली असेल. पहिल्या प्रकारास आपण जन्मसिद्ध दुर्मिळता म्हणूं आणि दुसऱ्यास नाशसिद्ध. संग्राहकाच्या पेटींत ह्या दोहोंत कांहीं भेद नाहीं. मोल तेंच येतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. होन जर थोडेच पाडले असतील, तर तें राज्याभिषेकाचें स्मारक किंवा दानासाठीं केलेली वस्तु ठरते. जर ते पुष्कळ पाडले असतील, तर स्वराज्यानें सोन्याचें चलन स्वतःच्या नांवें चालविण्याचा प्रयत्न केला असें म्हणावें लागतें. एका लहानशा नाण्याच्या संख्येवर राज्याच्या अर्थकारणाविषयींचें मोठें अनुमान अवलंबून आहे. म्हणूनच ‘अतिदुर्मिळ’ एवढें म्हणून थांबणें आम्हांस अपुरें वाटतें.

पूर्वपक्ष असा मांडतां येईल. राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सरीं, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं रायगडावर झाला. ‘छत्रपति’ हें बिरुद त्या दिवसापासूनचें. तेव्हां होनही त्यानंतरचा. महाराजांचें निर्वाण १६८० त झालें. मध्यें अवघीं सहा वर्षें. त्या काळीं बाजारांत विजयनगरचे जुने होन, आदिलशाही होन आणि मोगली रुपये हें सर्व चलन खेळत होतें. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाच्या वेळीं रायगडीं आला, तेव्हां मुंबईचें नाणें स्वराज्यांत चालावें असें एक कलम इंग्रजांनीं घातलें होतें. त्यावर महाराजांच्या बाजूचें म्हणणें असें होतें कीं, कोणतेंही नाणें चालण्यास मनाई नाहीं, पण तोटा सोसून तें घेण्याची रयतेवर सक्ति करतां येणार नाहीं. नाणें कसानें आणि वजनानें उतरेल त्या भावानें चालेल. ज्या राज्यांत परक्या नाण्यास अशी मोकळीक होती, तेथें स्वतःचे होन मोठ्या संख्येनें पाडण्याची निकड नव्हती. सबब होन थोडेच पाडले. ते समारंभाचे होते. आणि म्हणूनच आज ते थोडे आहेत.

ह्या पक्षाच्या पुष्ट्यर्थ पुष्कळदां सुवर्णतुलेचा दाखला देतात. ऑक्झेंडनच्या वृत्तांताप्रमाणें महाराजांची तुला सुमारें सोळा हजार पगोड्यांची भरली. हे शिवराई होनच होते आणि ते दानांत वाटले गेले, असें समजण्याचा मोह सहज होतो. परंतु थोडा गुणाकार करून पाहावा. शिवराई होन पावणेतीन ग्रॅमचा धरला तर सोळा हजारांचें वजन ४४ किलो होतें. जुन्या पूर्ण वजनाचा होन धरला तर तेंच ५४ किलोंवर जातें. प्रौढ, लढवय्या पुरुषाच्या देहास दुसरा आंकडा अधिक जुळतो हें उघड आहे. म्हणजे वकिलानें ‘पगोडा’ हा शब्द त्याच्या ओळखीच्या परिमाणाचा म्हणून वापरला; त्यावरून शिवराई होनांची संख्या काढणें अशास्त्रीय होय. राजापूरच्या वखारीच्या नुकसानीबद्दल इंग्रजांस दहा हजार होन देण्याचें त्याच वेळीं ठरलें, तेथेंही होन हें हिशेबाचें परिमाण आहे. जुन्या कागदांत ‘होन’ शब्द दिसला कीं शिवराई होन सांपडला असें मानण्याची रीति सोडून दिली पाहिजे.

आतां उत्तरपक्ष. कृष्णाजी अनंत सभासद याची बखर राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, जिंजीस लिहिली गेली. महाराजांच्या पश्चात् खजिन्यांत काय काय होतें त्याची यादी तींत आहे. सोन्याच्या नाण्यांचीं नांवें पाहिलीं तर पुतळ्या, पातशाही होन, इभ्रामी होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई असे नाना प्रकार एका ओळींत येतात, आणि त्यांतच शिवराई होनही आहेत. त्यांची संख्या लाखांच्या हिशेबानें दिलेली आहे. बखरींतील आंकडे अक्षरशः घेऊं नयेत हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु येथें आंकड्याहून यादीची मांडणी महत्त्वाची आहे. सभासदानें शिवराई होन वेगळा, पूजेचा किंवा स्मरणाचा पदार्थ म्हणून सांगितला नाहीं. तो इतर चालत्या नाण्यांच्या रांगेंत बसविला आहे. समारंभापुरती पाडलेली वस्तु खजिन्याच्या यादींत अशी सहजपणें येत नसते.

तांब्याच्या शिवराईशीं तुलना केली तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. तांब्याच्या शिवराया सर्वत्र विपुल सांपडतात. जस्टिन ॲबट ह्या मराठी संतवाङ्मयाच्या अमेरिकन अभ्यासकानें गेल्याच्या आधींच्या शतकाच्या अखेरीस अशा हजारों शिवराया जमवून त्यांच्यावरील अक्षरांचे भेद नोंदले. शिव, शीव, सिव, पति, पती, असे ऱ्हस्वदीर्घाचे आणि वर्णांचे नाना प्रकार त्यांत दिसतात. ह्याचें कारण, पेशवाईच्या अखेरपर्यंत महाराजांच्याच नांवानें ठिकठिकाणीं शिवराया पडत राहिल्या. दुदांडी शिवराई ही त्यांतलीच मागाहूनची. तेव्हां तांब्यावर महाराजांचें नांव आहे म्हणून तें नाणें महाराजांच्या काळचें, असें म्हणतां येत नाहीं. होनास हा नियम लावण्याचें टाळूं नये. होनावरील अक्षरांची ठेवण तांब्याच्या कोणत्या शिवरायांशीं जुळते हें ताडून पाहणें अवश्य आहे. आणि त्यासाठीं अक्षरांच्या कडा शाबूत असलेला नमुना पाहिजे. स्थितीचा प्रश्न येथेंच प्रथम उपस्थित होतो. मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणीं ह्या विषयावर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ १९८९ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून ह्या अभ्यासास पद्धतशीर पाया मिळाला. त्या पायावर होनाचा स्वतंत्र, नमुन्यावार संग्रह उभा राहणें हें पुढचें काम आहे.

होन पुष्कळ पाडले असतील तर ते गेले कोठें, असा प्रश्न साहजिकच येईल. आमच्या विटें गांवच्या तालुक्यांतच भूपाळगड आहे. १६७९ सालीं दिलेरखानानें तो घेतला तेव्हां गडावर आसऱ्यास ठेवलेली आसपासच्या गांवांची चीजवस्त मोगलांच्या हातीं पडली. १६८९ त खुद्द रायगड पडला. परमुलखाचें सोनें हातीं आलें कीं तें आटवून आपल्या शिक्क्याच्या मोहरा पाडणें ही मोगली टांकसाळींची नित्याची रीत होती. जें लुटींतून वांचलें तें सराफाच्या पेढीवर गेलें. जुनें, वजनानें कमी आणि ज्याच्या मागें आतां राजसत्ता नाहीं असें नाणें सराफ बट्टा कापूनच घेणार. मग तें तसेंच ठेवण्यापेक्षां आटवून टाकण्यांतच धन्याचा फायदा. ज्या घरांत तें दागिना म्हणून राहिलें, तेथें पुढच्या पिढीनें दागिना मोडला. तांब्याचें नाणें जमिनींत पडून राहतें, कारण तें आटवून मिळणार काय? सोन्याचें नाणें हें सोनें असल्यामुळेंच मरतें.

सोन्याच्या ह्या मृत्यूविषयीं विट्याच्या माणसानें दोन शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं. विटें आणि त्याच्या आसपासचा खानापूर, आटपाडी, तासगांवकडील दुष्काळी मुलूख येथून गेल्या कित्येक पिढ्या गलाईचे कारागीर हिंदुस्थानभर गेले. काश्मीरपासून केरळापर्यंत जेथें म्हणून सराफकट्टा आहे, तेथें बहुधा आमच्याकडील गलाईवाल्याची भट्टी आहे. ‘गलाई’ हा शब्द ‘गल्’ म्हणजे पाझरणें, वितळणें ह्या धातूशीं नातें सांगतो. काम असें कीं, जुनें सोनें आटवावें, त्यांत सुमारें तिप्पट चांदी मिसळून पातळ तुकडे करावे, ते तेजाबांत टाकून चांदी व इतर हीण विरघळवावें, आणि खालीं राहिलेलें सोनें धुऊन, टाकणखार घालून, पुन्हां मुशींत आटवून शुद्ध लगड करावी. ह्या कसबानें दुष्काळी मुलखांतल्या हजारों घरांची चूल पेटली. ह्या लोकांच्या प्रामाणिकपणावर देशभरच्या सराफांचा विश्वास आहे. आम्हांस त्याचा अभिमान आहे. परंतु ह्याच मुशींतून किती होन, किती मोहरा, किती वराह लगड होऊन बाहेर पडले असतील, ह्याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. दोष कारागिराचा नाहीं. त्याच्या हातीं मोडीचें सोनें येतें; त्यांतला पावणेतीन ग्रॅमचा तुकडा त्याच्या तराजूवर पावणेतीन ग्रॅमच भरतो. नाण्याचें मोल सोन्याहून निराळें असतें हें त्यास कोणी सांगितलें नसेल, तर तो दोष आम्हां लिहिणाऱ्यांकडे येतो.

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ह्यांचा निर्णय कशानें व्हावा? कागदांनीं तो पुरता होत नाहीं. तो नाण्यांनींच झाला पाहिजे आणि त्याची पद्धतिही ठरलेली आहे. हातानें ठोकून पाडलेल्या नाण्यावर ठशाची प्रत्येक खूण उमटते. अक्षराचा एखादा फाटा, ठिपक्यांतील एखादें कमीजास्त अंतर, ठशास पडलेली बारीक भेग, ह्यांवरून दोन नाणीं एकाच ठशाचीं आहेत कीं निरनिराळ्या, हें निश्चित सांगतां येतें. एका ठशानें हजारों नाणीं पडूं शकतात. आतां समजा, आज उपलब्ध असलेल्या वीस होनांची तपासणी केली. ते सर्व दोनतीन ठशांचेच निघाले, तर मूळ पैदास लहान होती आणि दुर्मिळता जन्मसिद्ध आहे असें मानण्यास बळकट आधार मिळेल. उलट, वीस होन अठरा ठशांचे निघाले, तर टांकसाळींत पुष्कळ ठसे झिजले, म्हणजे पुष्कळ नाणीं पडलीं, आणि आजची दुर्मिळता नाशसिद्ध आहे असें म्हणावें लागेल. हातीं असलेल्या थोड्या नमुन्यांवरून नष्ट झालेल्या मोठ्या समुदायाचा अंदाज करण्याची ही रीति जगांतील नाणकशास्त्रज्ञांनीं शेंकडों प्रकारच्या नाण्यांवर वापरलेली आहे. तींत गणितापेक्षां डोळ्यांचें काम अधिक. आणि डोळ्यांस दिसण्याजोगें नाण्यावर कांहीं उरलें असलें पाहिजे.

आतां ‘उत्तम स्थिति’ ह्या विशेषणाकडे येऊं. बाजारांत उत्तम स्थिति म्हणजे झळाळी, असा अर्थ झाला आहे. सोनें गंजत नाहीं हें खरें. परंतु जमिनींत किंवा पेटींत राहिलेल्या सोन्याच्या नाण्याच्या अक्षरांच्या खांचांत मातीचा, तेलाचा, कुंकवाचा लालसर काळा थर बसतो. तो काढण्यासाठीं चिंच, राख, ब्रश, पॉलिशचें चाक ह्यांपैकीं कांहींही वापरलें कीं नाणें लखलखतें. त्याबरोबर ठशाच्या बारीक रेषाही जातात. शुद्ध सोनें मऊ असल्यामुळें दोन मिनिटांच्या घासणीनें तीनशें वर्षांच्या हाताळणीहून अधिक नुकसान होऊं शकतें. हाताळणीची झीज उंच भागावर प्रथम होते. खोल भाग, अक्षरांचीं मुळें, त्या झिजेंतूनही वांचतात. चाकाची झीज उंच आणि खोल सर्वत्र सारखी पसरते आणि कडा गोलट करते. झिजलेलें पण न घासलेलें नाणें ठशाची ओळख देतें. घासलेलें चकचकीत नाणें तीच ओळख बुजवितें. असें असतां पहिल्यास ‘साधारण’ आणि दुसऱ्यास ‘उत्तम’ म्हणणें म्हणजे हस्तलिखिताची शाई धुऊन कागद किती शुभ्र आहे ह्याची वाहवा करण्यासारखें आहे.

नाण्यास पाडलेलें भोक किंवा डाखून बसविलेली कडी ह्यांस सूचिपत्रकार ‘दोष’ म्हणतात. आम्ही त्यास पुरावा म्हणूं. व्हेनिसचें सोन्याचें नाणें आपल्याकडे आलें, त्यावरील उभ्या व गुडघे टेकलेल्या आकृतींमुळें त्यास पुतळी हें नांव पडलें, आणि त्याची माळ स्त्रियांच्या गळ्यांत गेली. ती माळ नसती तर त्यांतलीं कितीतरी नाणीं केव्हांच मुशींत गेलीं असतीं. हाच न्याय होनास लागतो. भोक पाडलेला होन हा चलनांतून निघून देव्हाऱ्यांत किंवा गळ्यांत गेला आणि म्हणून वांचला. जीं नाणीं दोषयुक्त म्हणून किंमतीनें उतरतात, तींच पुष्कळदां जिवंत राहण्याचें कारण आपल्या अंगावर वागवितात. कडी कापून, भोक बुजवून, वर अक्षराचा तुटलेला भाग नव्यानें कोरून देणारे कारागीर आहेत. त्यांची कुशलता मान्य करूनही आम्ही म्हणतों कीं, असें नाणें अभ्यासास मेलें. कारण कोरलेलें अक्षर ठशाचें नव्हे, कोरणाऱ्याचें असतें. जुन्या सराफानें किंवा पोतदारानें कस पाहण्यासाठीं कडेस दिलेली बारीक टोंच, किंवा आपली खूण म्हणून उठविलेला छोटासा छाप, हींही दोषांच्या यादींत टाकूं नयेत. हें नाणें बाजारांत फिरलें, केवळ पेटींत राहिलें नाहीं, ह्याची ती साक्ष आहे. आणि होन समारंभाचा कीं व्यवहाराचा, हाच तर आपला मूळ प्रश्न आहे.

वजनाचीही गोष्ट अशीच. होनांचीं वजनें सारखीं नसतात, थोडीं कमीजास्त भरतात. वजन आणि झीज हीं दोन्ही एकत्र नोंदलीं तरच ह्या फरकाचा अर्थ लागतो. हलका होन झिजलेलाही असेल, तर तो पुष्कळ फिरला. हलका असूनही अक्षरें तीक्ष्ण असतील, तर टांकसाळींतच वजनाचें प्रमाण थोडें सैल होतें. तिसरा प्रकार कातरलेल्या कडांचा. येथें एक सोपी कसोटी आहे. ठसा एका बाजूस सरकून बसला असेल, तर ठिपक्यांचें वर्तुळ एकीकडे अपुरें आणि त्याच्या समोरच्या बाजूस कोरी जागा अधिक दिसते. तो टांकसाळींतला प्रकार. वर्तुळ एकीकडे तुटलें आणि समोर तितकी कोरी जागा नाहीं, शिवाय वजनही कमी, तर कड कातरली आहे असें समजावें. सूचिपत्रांत ह्या तिन्ही प्रकारांस ‘किंचित् हलका’ असा एकच शेरा मिळतो.

आदर जितका मोठा तितका नकलांचा धंदा मोठा, हें सांगावयास नको. ओतीव नक्कल ओळखणें कठीण नाहीं: पृष्ठावर सूक्ष्म छिद्रें, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल, कांठावर जोडाची रेषा. नव्या ठशानें ठोकलेली नक्कल अधिक फसवी असते. कित्येक संग्राहक विशिष्ट गुरुत्व काढून निर्धास्त होतात. परंतु होनासारख्या लहान नाण्यावर हा प्रयोग घरच्या तराजूनें करणें व्यर्थ आहे. शुद्ध सोन्याचें विशिष्ट गुरुत्व १९.३, म्हणून पावणेतीन ग्रॅमचा होन पाण्यांत सुमारें ०.१४ ग्रॅमनें हलका भरतो. तराजू ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच अचूक असेल, तर ह्या ०.१४ मध्यें ०.०१ ची चूक शक्य आहे, आणि उत्तर १८ च्या जवळ किंवा २० च्या वर कोठेंही जाऊं शकेल. सहस्रांश ग्रॅम दाखविणारा तराजू पाहिजे. आतां सराफांकडे क्ष-किरणांनीं कस सांगणारीं यंत्रें आहेत. त्यांनीं नाण्यास इजा होत नाहीं हा मोठा लाभ आहे. तथापि तीं पृष्ठभागाचाच कस सांगतात, आणि खऱ्या सोन्याच्या नकलेस तर खरी म्हणूनच पास करतात. शेवटीं निर्णय पुन्हां ठशावर येतो. एकाच ठशाचे, एकाच प्रकारें ‘झिजलेले’, गांवठिकाण न सांगतां येणारे होन एकदम बाजारांत येऊं लागले, तर त्यांच्या चकाकीहून त्यांच्या सारखेपणाकडे पाहावें.

येथें कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण सोनें मुशींत जाण्याचें एक कारण त्याची भीति हें आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें सांपडणाऱ्यावर बंधनकारक आहे. ठेव्यावर कोणाचा हक्क शाबीत न झाल्यास तीन हिस्से सांपडणाऱ्यास आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकास, अशी विभागणी कायद्यांत आहे. परंतु सरकारनें ठेवा घेतला तर मोबदला ठरतो तो द्रव्याच्या, म्हणजे धातूच्या किंमतीवर एकपंचमांश अधिक देऊन. पावणेतीन ग्रॅम सोनें आणि त्यावर पांचवा हिस्सा! नाणें म्हणून त्याचें जें मोल आहे त्याच्याशीं ह्या रकमेचा कांहीं मेळ नाहीं. नांगराच्या फाळास लागलेलें गाडगें घेऊन शेतकरी कचेरीकडे न जातां सराफाकडे कां जातो, ह्याचें उत्तर येथें आहे. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं परवान्यावांचून परदेशीं नेण्यास बंदी केली, ती योग्यच झाली. पण देशांतल्या मुशीस तिनें प्रतिबंध होत नाहीं. धातूच्या किंमतीऐवजीं नाण्याच्या किंमतीवर मोबदला ठरेल, तर शिक्षेच्या धाकानें होत नाहीं तें काम लाभाच्या आशेनें होईल असें आम्हांस वाटतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, उरलेसुरले होन संग्राहकांनीं मोठ्या किंमती देऊन जतन केले. बाजार नसता तर तेही गेले असते. मग बाजारावर एवढा रोष कां? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. बाजारानें होनास मुशींतून ओढून काढलें. परंतु त्याच बाजारानें चकाकीस मोल देऊन त्यास चाकाखालीं लोटलें. मुशींत नाण्याचें सोनें राहतें आणि रूप जातें; चाकाखालीं नाण्याचा आकार राहतो आणि साक्ष जाते. संग्राहकांनीं जें द्रव्य वेंचलें त्याचें चीज व्हावें एवढ्यासाठींच आमचें हें लिहिणें आहे.

तात्पर्य, होनांच्या प्रत्येक उपलब्ध नमुन्याची, मग तो वस्तुसंग्रहालयांतील असो वा खाजगी, एका ठिकाणीं यादी होणें जरूर आहे. तींत दोन्ही बाजूंचीं मोठीं छायाचित्रें, सहस्रांशापर्यंत वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या अक्षरांची परस्परदिशा, भोक, कडी, टोंच व घासणी ह्यांची स्पष्ट नोंद, आणि तो कोणत्या गांवच्या परिसरांतून आला एवढी माहिती असावी. मालकाचें नांव देण्याची गरज नाहीं. नाण्याचें गांव पुरे. आमच्या गलाईवाल्या बांधवांस विनंति एवढीच कीं, मोडींत अक्षरांचा किंवा चित्राचा तुकडा दिसला तर मुशींत टाकण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, वजन लिहावें, आणि शक्य तर सराफास थांबण्यास सांगून जवळच्या इतिहास मंडळास किंवा संग्रहालयास कळवावें. छायाचित्र घेण्यास आतां खर्च नाहीं आणि यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. संग्राहकांनीं नाणें हातीं येतांच तें घासूं नये, घासूं देऊं नये. आणि सूचिपत्रकारांनीं ‘अतिदुर्मिळ’ ह्या शब्दापुढें आतां तो होन कोणत्या ठशाचा, त्या ठशाचे आणखी किती नमुने ज्ञात आहेत, एवढें लिहिण्याची प्रथा सुरू करावी; म्हणजे त्या शब्दास वजन येईल.